वळशाची वाट

"इंदूरहून पुण्यास जाण्यासाठी हैदराबादेवरून कोणी जाते काय?" हा प्रश्न माझ्या आईने माझ्या वडिलांस 1963 सालच्या उन्हाळ्यात विचारला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि दाराच्या आड उभा राहून उत्तराची वाट पाहत होतो. वडिलांनी वेळापत्रकातून मान वर केली नाही. ते एवढेच म्हणाले, "आपण जाणार आहोत."

श्रोतेहो, प्रवासाची आवड या विषयावर मी बोलावे असे मला सुचविण्यात आले आहे. परंतु प्रवास आवडत नाही असे उघड सांगणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. जी गोष्ट सर्वांनाच आवडते तिच्यावर मी निराळे काय बोलणार? माझी आवड याहून जरा आडवळणाची आहे. मला वळशाने जाणे आवडते. सरळ रस्ता असता तो सोडून लांबचा धरावा, थेट गाडी असता दोनदा बदलावी लागणारी गाडी पकडावी आणि विमानानेच जायचे झाले तर वाटेत दोन-चार ठिकाणी उतरणारे विमान शोधावे, ही माझी खोड आहे. ती वडिलांकडून आली आणि आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती गेलेली नाही. तिच्यापायी मला पुष्कळ मिळाले. एकदा, जे पुन्हा मिळणार नाही असे काही गेलेही. दोन्ही सांगितले पाहिजे, नाहीतर हे भाषण म्हणजे नुसती फुशारकी होईल.

वडील इंदूर स्टेशनवर तिकिटांच्या खिडकीमागे बसत. जाड पुठ्ठ्याची ती लहान तिकिटे, तारीख उठविणाऱ्या यंत्रात ती घातली की होणारा 'खटक' असा आवाज आणि खिडकीच्या कमानीतून आत येणारे अनोळखी हात, यांत त्यांचे सारे आयुष्य गेले. दुसऱ्यांना त्यांनी अर्ध्या हिंदुस्थानची तिकिटे दिली असतील. स्वतः मात्र वर्षातून एकदा, रजा आणि पास ही दोन्ही जुळून आली म्हणजेच ते बाहेर पडत. म्हणून तो एक प्रवास ते जितका लांबविता येईल तितका लांबवीत. पासाचे नियम त्यांना तोंडपाठ होते. त्या नियमांत राहून जास्तीत जास्त मैल कसे पदरात पाडून घ्यावेत, याचा अभ्यास त्यांनी एखाद्या शास्त्र्याने सूत्रांचा करावा तसा केला होता.

पुण्यास माझी आत्या राहत असे आणि हैदराबादेस मामा. आईच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या वर्षी करावयाच्या यात्रा होत्या. वडिलांनी त्या एकाच सुतात ओवल्या. इंदूरहून मीटरगेजने खांडवा, तेथून अकोला, पूर्णा, नांदेड करीत काचीगुडा, मामाकडे चार दिवस, मग वाडी, गुलबर्गा, सोलापूर, दौंड असे करीत पुणे. नकाशावर हा मार्ग पाहिला तर तो एखाद्या मोठ्या विळ्यासारखा दिसतो. आईने लाडूंचा डबा भरला, पाण्याची सुरई बांधली आणि "या माणसाबरोबर काशीला निघाले तर आधी रामेश्वर घडेल" असे शेजारणीस सांगून ती टांग्यात बसली.

त्या प्रवासाचा आरंभ जेथून होई तो इंदूर-खांडवा मार्ग मुळातच प्रेक्षणीय होता. तो बांधला जावा म्हणून महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते, आणि 1870च्या दशकात तो पुरा झाला. महूच्या पुढे पाताळपाणी येते. तेथे चोरल नदी कड्यावरून खाली उडी घेते, आणि आगगाडीही माळव्याचे पठार सोडून तिच्या संगतीने दरीत उतरू लागते. बोगदे, पूल, पुन्हा बोगदे, असे करीत गाडी पायथ्याच्या कालाकुंड स्टेशनात येई. तेथे पळसाच्या पानांत गुंडाळलेला कलाकंद विकावयास येई. त्या नावाचा आणि त्या मिठाईचा संबंध काय, हे मी वडिलांना दरवर्षी विचारी, आणि ते दरवर्षी "आधी खा" असे म्हणत. खांडव्याकडून परतणाऱ्या गाडीस या ठिकाणी जादा इंजिन जोडावे लागे, इतका तो चढ खडा होता.

परंतु त्या वर्षी मी खरा थक्क झालो तो खांडव्याच्या पुढे. खांडवा-अकोला ही वाट तेव्हा नवीच होती. सातपुड्याच्या रानातून, मेळघाटातून ती जाई. धूळघाट स्टेशनाच्या सुमारास वडिलांनी मला खिडकीशी ओढून बसविले आणि म्हणाले, "आता रुळांकडे लक्ष ठेव." गाडी वळू लागली. ती इतकी वळली की मागच्या डब्यांतील माणसे समोरून येत आहेत असे वाटू लागले. मग एक पूल आला, आणि त्या पुलाच्या ठिकाणी आम्ही आमच्याच रुळांना ओलांडले. ज्या रुळांवरून काही मिनिटांपूर्वी आम्ही आलो होतो तेच ते रूळ! डोंगराची उंची सरळ रेषेत झेपण्यासारखी नसल्यामुळे इंजिनिअरांनी मार्गास एक पुरा वेढा दिला होता. एकदा गाडी पुलाखालून जाई आणि एकदा पुलावरून.

मी विचारले, "मग आपण तेथल्या तेथेच फिरलो की काय?" वडील म्हणाले, "हो. पण आता आपण निराळ्या उंचीवर आहोत." ते काही तत्त्वज्ञान सांगत नव्हते. रेल्वेच्या माणसाने रेल्वेची गोष्ट सांगितली, एवढेच. पण बारा वर्षांच्या मुलाच्या मनात ते वाक्य ठाण मांडून बसले.

पुढे मी भूगोलाचा अध्यापक झालो. आता वाटते, दुसरे काही होणे मला शक्यच नव्हते. मुलांना मी डोंगरातल्या वाटा शिकवी तेव्हा सांगत असे की घाट म्हणजे वळसाच. पाणी, बैल आणि आगगाडी ही तिघेही चढापुढे नमते घेतात. सरळ जाण्याचा हट्ट फक्त मनुष्य धरतो, तोही कागदावर रेघ ओढताना. ते मीटरगेजचे मार्ग आता गेले. खांडवा-अकोल्याची गाडी 2017 साली बंद पडली. महूपासून खाली नर्मदेकडे जाणारी 2023 साली बंद झाली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर 2018 पासून हौशी लोकांसाठी एक गाडी सुरू करण्यात आली, हीच त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. गंमत अशी की त्या घाटात रुंद रुळांचा जो नवा मार्ग आखण्यात आला तो जुन्यापेक्षा बराच लांबून जातो. चढ सौम्य करावयाचा तर लांबून जाण्यास इलाज नाही. माझे वडील असते तर त्यांनी त्या आराखड्यावर पसंतीची सही केली असती.

विमानाचा वळसा मी प्रथम घेतला तो 1978 साली. कामानिमित्त दिल्लीस गेलो होतो, आणि तेथून एका लग्नासाठी मुंबईस जावयाचे होते. थेट विमान दोन तासांत नेऊन सोडी. परंतु त्या काळी दुसरेही एक विमान होते. ते दिल्लीहून निघून ग्वाल्हेर, भोपाळ आणि इंदूर अशी तीन ठिकाणी टेकत टेकत मुंबईस जाई. अर्धा दिवस त्यातच जाई. तिकीट देणाऱ्या गृहस्थाने मला दोनदा विचारले, "आपणांस इंदूरला उतरायचे आहे ना?" मी म्हणालो, "नाही, मुंबईला." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर आमच्या घरात माझ्या परिचयाची होती.

या टेकत जाणाऱ्या विमानाचा मोठा गुण असा की त्याला फार उंच जाण्यास सवडच मिळत नसे. वर चढते न चढते तोच उतरण्याची तयारी. त्यामुळे खालची भूमी डोळ्यांस स्पष्ट दिसे. दिल्लीनंतर यमुनेच्या खोऱ्यातील सपाट शेते आली, आणि मग एकाएकी जमीन चिरफाळलेली दिसू लागली. ते चंबळेचे बीहड. शेकडो घळींनी ती माती अशी कातरली आहे की वरून पाहता वाळलेल्या पानाच्या शिरा दिसाव्यात. वर्गात मी मुलांना जमिनीची धूप शिकवीत होतो, पण त्या क्षणी मला कळले की मी ती आजवर पाहिली नव्हती. मग ग्वाल्हेरचा किल्ला आला. उत्तर-दक्षिण पसरलेला तो लांबट खडक वरून एखाद्या नांगर टाकून उभ्या असलेल्या गलबतासारखा दिसतो. भोपाळला उतरताना मोठा तलाव खिडकीभर पसरला, आणि पुढे माळव्याची काळी माती सुरू झाली.

इंदूरला विमान उतरले तेव्हा मात्र माझी स्थिती चमत्कारिक झाली. विमानतळाला लागूनच बिजासनची टेकडी आहे. तिच्यावरील देवीचे देऊळ मला खिडकीतून दिसत होते. तेथून माझे घर फार तर पाच मैल. घरी माझी पत्नी आणि अवघ्या काही महिन्यांचा मुलगा. आणि मी मुंबईचे तिकीट खिशात घालून, खुर्चीच्या पट्ट्यात बांधलेला, त्यांच्या इतक्या जवळ येऊन पुन्हा वर निघालो होतो. विमान पुनश्च उडाले. विंध्याद्रीची कड आली, तिच्या पायाशी नर्मदा दिसली, मग सातपुडा, मग तापी, आणि शेवटी ढगांतून डोके वर काढणारा सह्याद्रि. एका बैठकीत मी चंबळ, नर्मदा आणि तापी या तिन्ही नद्या ओलांडल्या. आपले पूर्वज ज्या वाटेने उत्तरेस चढले आणि ज्या वाटेवर इंदूर, देवास, ग्वाल्हेर अशी मराठी घरे मागे राहिली, ती सारी वाट मी उलट दिशेने पाहिली होती. मुंबईस उतरलो तेव्हा मला आकाश पाहून आल्यासारखे वाटत नव्हते. कोणी जमिनीची भली मोठी पोथी माझ्यापुढे उलगडून पुन्हा मिटावी तसे वाटत होते.

घरी परतल्यावर मी हे सारे मोठ्या उत्साहाने पत्नीस सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आमच्या डोक्यावरून गेलात, आणि आम्हांला पत्ता नाही?" मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला बऱ्याच दिवसांनी आठवले.

वळशाच्या प्रवासाची पूर्वपीठिका आपल्या भाषेत मोठी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली आपल्या चुलत्यांबरोबर द्रव्यार्जनासाठी उत्तरेस पायी निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी वार्ता त्यांनी ऐकली होती. पुढे बंडाची धामधूम, झाशीचा वेढा, लुटालूट यांत ते सापडले. मिळविलेले धन वाटेत गेले, आणि घरी परत येताना हाती राहिली ती गंगेची कावड. चिंतामणराव वैद्यांनी त्यांच्याकडून ती हकीकत लिहवून घेतली आणि 1907 साली 'माझा प्रवास' या नावाने ती छापली गेली, म्हणून आपणांस ती कळली. मला त्या पुस्तकातील लढायांपेक्षा त्यांतील मुक्काम अधिक आवडतात. कोठे स्वयंपाक केला, कोणाच्या ओसरीवर निजले, नदीला पाणी किती होते. भटजींना वळसा घेण्याची हौस नव्हती. तो त्यांच्यावर येऊन पडला. परंतु वरसईस त्यांचे आईवडील जवळजवळ अडीच-तीन वर्षे मुलाची वाट पाहत बसले होते, ही गोष्ट मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचताना नुसती ओलांडून गेलो होतो. ती मला पुढे 1986 साली कळली. आता तेच सांगतो.

आत्याचा उल्लेख मी आरंभी केला. मी लहान असताना आई दोन वर्षे आजारी होती. त्या काळात आत्या पुण्याहून येऊन आमच्याकडे राहिली आणि तिनेच मला वाढविले. पुढे सदाशिव पेठेतील तिच्या घरी आम्ही पोहोचलो की ती दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकी. 1986 च्या मे महिन्यात आतेभावाचे पत्र आले की तिची प्रकृती बरी नसते, तुम्हां सर्वांस पाहावे असे म्हणते, जमल्यास येऊन जा. घाबरण्यासारखे त्यात काही नव्हते. माझ्याजवळ तेव्हा एक जुनी फियाट होती. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला की गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोहोचतो, जेवावयास येऊ. बुधवारी पहाटे आम्ही तिघे निघालो.

सरळ रस्ता मुंबई-आग्रा मार्गाने होता. मानपूरचा घाट उतरावा, खलघाटला नर्मदा ओलांडावी, सेंधव्यावरून धुळे आणि तेथून नगरवरून पुणे. पण तो रस्ता मी अनेकदा केलेला होता. मी गाडी सिमरोलकडे वळविली. भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सनावद, मग खांडवा, बऱ्हाणपूर, जळगाव, औरंगाबाद आणि पुणे असा बेत केला. मैलांचा फरक फारसा नाही, असे मी पत्नीस सांगितले, आणि ते खरेही होते. परंतु सनावदला येताच मला आठवले की येथून पश्चिमेस आत रावेरखेडी आहे.

रावेरखेडी म्हणजे थोरल्या बाजीरावांची समाधी. 1740 च्या आरंभी नासिरजंगाशी मुंगी पैठणास तह झाला, त्यात खरगोण आणि हंडिया हे प्रांत मिळाले. त्यांची व्यवस्था लावण्यासाठी पेशवे नर्मदेकाठी आले आणि 28 एप्रिल 1740 रोजी तेथेच छावणीत त्यांचा अंत झाला. वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती. वीस वर्षे ज्या पुरुषाचे सारे आयुष्य घोड्यावर गेले त्याचा शेवटचा मुक्काम पाहावा, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. मी गाडी आत घातली.

रस्ता नव्हताच. बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. दोन तास आम्ही धुळीतून गेलो. समाधीपाशी चिटपाखरू नव्हते. भोवती दगडी भिंत, आत ओवऱ्या, मधोमध चौथरा आणि खाली उन्हात चमकणारे नर्मदेचे पात्र. मुलगा आठ वर्षांचा. त्याने विचारले, "एवढा मोठा पेशवा, मग इथे एकटा का?" मी त्याला सांगितले की छावणी पुढे गेली आणि ते राहिले. आम्ही नदीवर हातपाय धुतले, दशम्या खाल्ल्या. त्या दुपारची शांतता मी आजही डोळे मिटून परत आणू शकतो. आयुष्यात ज्या दहा-बारा जागा मी माझ्या म्हणतो, त्यांत ती एक आहे. हे मी पुढच्या हकीकतीनंतरही म्हणतो, आणि म्हणताना मला बरे वाटत नाही.

परतताना चाकोरीतील दगडाने गाडीची तेलाची टाकी फुटली. सनावदहून मिस्त्री आणण्यात रात्र झाली, आणि ती दुरुस्त होण्यात गुरुवारची दुपार. गुरुवारची रात्र आम्ही बऱ्हाणपूरला काढली. तेथून पुण्यास निरोप धाडावा म्हणून मी तारघरात गेलो. ते बंद झाले होते. सकाळी उघडण्याची वाट पाहिली असती तर आणखी दोन तास गेले असते. मी मनाशी म्हटले, आता पोहोचणारच आहोत, तार कशाला? शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास आम्ही सदाशिव पेठेत शिरलो. दार आतेभावाने उघडले. त्याच्या तोंडाकडे पाहून मी पायरीवरच थांबलो.

शुक्रवारी दुपारी आत्यास अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू आणि वाचा गेली होती. गुरुवारी संध्याकाळी तिने हट्टाने उठून माझ्यासाठी वालाची उसळ केली होती आणि रात्री बारापर्यंत ती ओसरीवर बसून होती. कोणी आत चल म्हटले की म्हणे, "तो वाकडी वाट करून येत असेल. बापासारखाच आहे." तिला राग नव्हता, असे आतेभाऊ म्हणाला. उलट ती हसत होती. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "तुला काहीतरी विचारायचे आहे, असे मात्र ती दोनदा म्हणाली."

त्यानंतर ती चार महिने होती. मला ओळखत असे. मी जवळ बसलो की डाव्या हाताने माझे मनगट धरी आणि ओठ हलवी. शब्द येत नसे. काय विचारायचे होते, ते मला कधीच कळले नाही. कदाचित अगदी साधे असेल, माझ्या आईच्या पाटल्यांविषयी किंवा मुलाच्या मुंजीविषयी. डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितले की जागरणाचा आणि झटक्याचा संबंध जोडू नका, तो आज ना उद्या यायचाच होता. मी ते मानतो. परंतु झटका शुक्रवारी दुपारी आला आणि मी गुरुवारी संध्याकाळी तेथे असणार होतो, हा हिशेब डॉक्टरांचा नव्हे. परतीच्या वाटेवर पत्नी फक्त एक वाक्य बोलली. "रावेरखेडी काही पळून जाणार नव्हती." आम्ही त्या वेळी सेंधव्याच्या सरळ रस्त्याने चाललो होतो.

पाच-सहा वर्षे मी मग सरळच गेलो. वाटेत कोठे फाटा दिसला की मान दुसरीकडे वळवी. या काळात मी पुण्यास अनेकदा गेलो असेन, पण त्यांतील एकही प्रवास मला आठवत नाही. घरून निघालो आणि पोहोचलो, मध्ये काही नाही. वडील तेव्हा थकले होते. एकदा ते म्हणाले, "हल्ली तू सांगत नाहीस, वाटेत काय पाहिलेस ते." त्यांना आत्याची हकीकत ठाऊक होती. ती त्यांची सख्खी बहीण. त्यांनी मला दोष दिला नाही आणि मोकळेही केले नाही. ते म्हणाले, "मी तुम्हांला सगळ्यांना बरोबर घेऊन फिरत असे. घरी कोणाला ठेवून जात नसे. तुझ्या आईला वाटे, मी तिला छळतो." एवढे बोलून ते पुन्हा वेळापत्रक वाचू लागले. नव्वदीच्या घरातही ते जुनी वेळापत्रके वाचीत. ज्या गाड्या बंद झाल्या होत्या त्यांच्याही वेळा त्यांना पाठ होत्या.

वळशाने जाणारा मनुष्य आपला वेळ खर्च करतो असे त्याला वाटते. पुष्कळदा तो ओसरीवर बसलेल्या दुसऱ्या कोणाचा तरी वेळ खर्च करीत असतो. हे समजल्यावर मी पुन्हा आडवाटेने जाऊ लागलो. आवड गेली नाही, तिचा हिशेब मात्र मी ठेवू लागलो.

अलीकडची एक गोष्ट सांगतो. 2019 साली माझ्या मुलाने इंदूरहून पुण्यास जाण्यासाठी माझे विमानाचे तिकीट काढले. कागद हाती घेऊन पाहतो तो मार्ग असा: इंदूर, हैदराबाद, पुणे. मला वाटले चिरंजीवांनी थट्टा केली. पण तो गंभीरपणे म्हणाला, "बाबा, थेट विमानापेक्षा हेच स्वस्त पडते." त्याचे कारण त्याने समजावून सांगितले. विमान कंपन्या निरनिराळ्या गावचे उतारू एका मोठ्या विमानतळावर गोळा करतात आणि तेथून वाटून देतात. त्यामुळे वळशाच्या विमानातील रिकाम्या जागा भरतात, आणि थेट जाणाऱ्याच्या घाईची किंमत कंपनी वेगळी वसूल करते. छप्पन्न वर्षांपूर्वी आईने जो मार्ग वेडेपणाचा ठरविला होता, तो आता कंपनी स्वतः होऊन सवलतीने विकत होती! वडील असते तर त्यांनी ते तिकीट चौकटीत लावून ठेवले असते.

मी त्या विमानाने गेलो. खरे सांगावयाचे तर निराश झालो. ते ढगांच्याही वर, तीस हजार फुटांच्या पलीकडे उडते. खाली पांढरे काहीतरी असते. हैदराबादेस साडेतीन तास एका थंडगार दालनात बसलो. बाहेर मामाचे शहर होते, पण ते काचेतून दिसतसुद्धा नव्हते. चहाची किंमत पाहून तो न घेताच उठलो. माझ्या शेजारी बसलेला तरुण हताशपणे घड्याळ पाहत होता आणि मला प्रथमच अशा माणसाविषयी सहानुभूती वाटली. वळसा निराळा आणि खोळंबा निराळा. वळशात वाटेवरचे गाव आपल्याला भेटते. खोळंब्यात आपण गावात असूनही गाव भेटत नाही.

मोटार चालविणे मुलाने आता बंद करविले आहे. डोळ्यांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून मीही फार वाद घालीत नाही. एस्.टी. आणि आगगाडी यांवर माझा वळसा चालतो. येत्या महिन्यात पुण्यास जावयाचे आहे. नात पंधरा वर्षांची आहे, तिची परीक्षा संपते. इंदूरहून बसने बऱ्हाणपूर, तेथे एक मुक्काम, गरम मावा जिलेबी, तापीवर सकाळी एक फेरी, मग आगगाडीने भुसावळ, मनमाड असे करीत पुणे, असा बेत आहे. पत्नी बरोबर येणार आहे. रावेरखेडीचे नाव मी काढले नव्हते. तिनेच परवा भाजी निवडताना विचारले, "आता तिथे रस्ता चांगला झाला आहे म्हणतात. खरे का?"

नातीचा काल फोन आला होता. "आजोबा, तुम्ही नक्की कधी पोहोचणार? मी स्टेशनवर येते." आमची गाडी पुण्यास गुरुवारी पोहोचते. मी तिला शुक्रवार सांगितला आहे.